नसलेल्या दाराचा आजार

मागच्या वेळी आपण ‘कारण’ म्हणजे काय, इथवर आलो होतो. आज वैद्यकातलं एक उदाहरण घेऊ. आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानाची; तेव्हा व्याख्यानानंतर औषध विचारायला कोणी थांबू नये.

आमच्या एका स्नेह्यांना एकेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्यांचे वडीलही असेच गेले होते. भेटायला येणारा जो तो म्हणे, “तूप-तळण फार होत असणार.” हे गृहस्थ तर कोरडे फुलके खाणारे! पण ऐकून ऐकून वहिनींना अपराधी वाटायला लागलं.

रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल एलडीएल नावाच्या कणांतून फिरतं. पेशीच्या पृष्ठभागावर हे कण धरणारी प्रथिनं असतात, ते रिसेप्टर. कण धरला की पेशी त्याला आत ओढते, फोडते. रिसेप्टर पुन्हा वर येतो, पुढचा कण घ्यायला. हे काम सर्वांत जास्त यकृतात चालतं.

अमेरिकेत डलासला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७०च्या दशकात त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. निरोगी पेशींना एलडीएल मिळालं की त्या स्वतः कोलेस्टेरॉल बनवणं कमी करत. आनुवंशिक विकार असलेल्यांच्या पेशी मात्र बनवतच राहत. बाहेर एवढा साठा, पण आत घ्यायला दारच नाही! १९८५चं नोबेल त्यांना मिळालं ते याच कामासाठी.

दोष आई-वडील दोघांकडून आला तर लहानपणीच झटका येऊ शकतो. एकाकडून आला तर चालते रिसेप्टर साधारण निम्मे. असे लोक अडीचशे-तीनशेंत एक. आमचे स्नेही त्यातलेच निघाले.

वैशेषिकांनी अभाव हा सातवा पदार्थ मानला. वर्गात मुलं हसायची: सर, ‘नसणं’ हा पदार्थ कसा? ‘भूतलावर घट नाही’ हे आमचं ठरलेलं उदाहरण, कोरडंच. आता वाटतं, हे द्यायला हवं होतं. रिपोर्टात दिसते ती वाढ, पण मुळाशी आहे अभाव.

पथ्य निरर्थक आहे असं आम्ही म्हणत नाही. पण नुसत्या पथ्यानं दार उगवत नाही. स्टॅटिनची गोळी यकृताचं स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं रोखते. मग टंचाई भासून यकृत शाबूत जनुकाकडून जास्त रिसेप्टर करवून घेतं.

अशा माणसाच्या प्रत्येक अपत्याला हा दोष येण्याची शक्यता निम्मी. स्नेह्यांच्या मुलानं रक्त तपासून घेतलं. मुलीनं अजून नाही. “काका, मी तर किती बारीक आहे,” म्हणते.