माशासाठी बांधलेली माशी

आजचा विषय ऐकून तुम्हाला हसू येईल. आज आपण माशी बांधण्याबद्दल बोलणार आहोत. ताटावर बसते ती माशी नव्हे. ही माशी असते पिसांची आणि दोऱ्याची. तिच्या पोटात एक बारीक गळ लपवलेला असतो आणि ती बांधली जाते माशाला फसवायला.

हे काम आपल्याकडचं नाही. ते आहे अमेरिकेतलं, इंग्लंड-स्कॉटलंडमधलं, थंड पाण्याच्या नद्यांकाठचं. पण या कामात बायकांचे हात फार जुन्या काळापासून आहेत. त्यांनी हे काम कसं शिकलं, कसं विकलं आणि त्यावर आपलं नाव कसं लावलं, ते घरी बसून बारीक हातकाम करणाऱ्या प्रत्येकीने ऐकण्यासारखं आहे.

मासा कोण आणि तो खातो काय?

ज्या माशासाठी ही सगळी खटपट, त्याचं नाव ट्राउट. त्याला थंड, वाहतं आणि स्वच्छ पाणी लागतं. पाणी वीस अंशांच्या वर तापू लागलं की त्याची तगमग सुरू होते. म्हणून आपल्या गोदावरी-कृष्णेत तो सापडायचा नाही. भारतात तो काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांमध्ये आहे, पण तिथेही तो पाहुणाच. काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडहून त्याची अंडी आणून तो वाढवला गेला.

ट्राउटमध्ये रेनबो नावाची एक जात आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर या जातीचे काही मासे नदी सोडून समुद्रात जातात, तिथे खाऊन-पिऊन मोठे होतात आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतात. बहुतेक वेळा आपण जन्मलो त्याच नदीत. लेक बाळंतपणाला माहेरी येते, तसंच म्हणा ना. समुद्रातून परतणाऱ्या या माशाला स्टीलहेड म्हणतात. जात एकच, पण एक घरी राहिलेला आणि एक जग बघून आलेला.

आता खाण्याचं. ओढ्यातला ट्राउट मुख्यतः पाण्यातले किडे खातो. मे-फ्लाय नावाचा एक नाजूक किडा आहे. त्याचं बहुतेक आयुष्य पाण्यातल्या दगडांखाली जातं, कित्येकदा वर्षभर. मग एके दिवशी तो वर येतो, त्याला पंख फुटतात, आणि पंख फुटल्यावर तो जेमतेम एक-दोन दिवस जगतो. ट्राउट त्याला पाण्याखाली असतानाही खातो, वर येतानाही खातो आणि पाण्यावर बसल्यावरही खातो. म्हणून माश्याही वेगवेगळ्या बांधाव्या लागतात. काही बुडणाऱ्या, काही तरंगणाऱ्या.

तुम्ही विचाराल, मग गळाला खरा किडाच का लावत नाहीत? तो इतका नाजूक असतो की गळात ओवताना चिरडून जातो. म्हणून त्याच्यासारखं दिसणारं काहीतरी हातानं घडवायचं. त्यातही एक गंमत आहे. आपल्याकडे गळ टाकतात तेव्हा शिशाच्या वजनामुळे तो लांब जातो. या माशीला वजनच नसतं. म्हणून इथे दोरीच जड ठेवतात. काठीच्या झोक्याने जड दोरी पुढे जाते आणि तिच्यामागून माशी अलगद पाण्यावर उतरते.

बांधायची कशी?

सामान ओळखीचंच आहे. गळ पकडायला टेबलाला लावलेला एक छोटा शिकंजा. बारीक दोऱ्याची बॉबिन. छोटी कात्री, थोडं मेण, पिसं आणि लोकर किंवा सशाचे केस. गळांना नंबर असतात आणि ते उलटे चालतात. नंबर जितका मोठा, तितका गळ लहान. ट्राउटच्या तरंगत्या माशीसाठी चौदा नंबरचा गळ घेतला, तर सगळी माशी नखावर मावते.

आधी गळाच्या दांडीवर दोऱ्याचे वेढे शेजारी शेजारी, घट्ट घ्यायचे. हा पाया. तो सैल राहिला तर पुढचं सगळं फिरतं. मग शेपटीसाठी पिसाचे चार-सहा ताठ तंतू बांधायचे. शेपटी किती लांब? गळाच्या दांडीएवढी. त्यानंतर अंग. दोऱ्याला मेण लावायचं, त्यावर केसांचा विरळ पदर ठेवायचा आणि चिमटीत वळायचा. देवाच्या वाती वळणाऱ्या बोटांना हे शिकवावं लागणार नाही. हा केसाळ दोरा गळावर गुंडाळला की किड्याचं अंग तयार होतं. शेपटीकडे बारीक आणि पुढे थोडं जाड.

मग खरी परीक्षा. कोंबड्याच्या मानेचं किंवा पाठीचं पीस देठाशी बांधायचं आणि गळाभोवती फिरवायचं. फिरवलं की त्याचे तंतू चहूबाजूंनी उभे राहतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. याच तंतूंवर माशी पाण्यावर उभी राहते. तंतूंची लांबी गळाच्या वाकाच्या साधारण दीडपट हवी. फार लांब झाले तर माशी कलंडते, आखूड झाले तर बुडते. शेवटी दोऱ्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली ओढून घ्यायचं आणि वर रोगणाचा एक थेंब द्यायचा. काही जणी तर बिनरंगी नेलपॉलिशच वापरतात.

तरंगत्या माशीला कोंबड्याचं पीस लागतं, कारण ते ताठ आणि चमकदार असतं, पाणी धरत नाही. कोंबडीचं पीस मऊ असतं, ते भिजतं आणि पाण्यात हलतं, म्हणून ते बुडत्या माशीला.

स्टीलहेडचा हिशोब मात्र वेगळा. नदीत परतलेला हा मासा फारसं खात नाही. त्याला भुकेने नाही, चिडवून किंवा कुतूहल जागवून गळाला लावायचं असतं. म्हणून त्याच्या माश्या मोठ्या गळावर, जांभळ्या, नारिंगी, काळ्या अशा भडक रंगांत बांधतात. त्यांना टर्कीचं मऊ, भुरभुरीत पीस लावतात. वाहत्या पाण्यात ते जिवंत असल्यासारखं हलतं. एका माशाला फसवायचं तर त्याचं जेवण ओळखावं लागतं, दुसऱ्याला फसवायचं तर त्याचा स्वभाव.

बायकांनी काय केलं?

अमेरिकेत व्हरमाँट राज्यात मँचेस्टर नावाचं गाव आहे. तिथे मासेमारीचं सामान विकणाऱ्या ऑर्विस कंपनीत १८७६ साली मालकाने माशी बांधण्याचा विभाग आपल्या मुलीकडे सोपवला. तिचं नाव मेरी ऑर्विस मारबरी. तिच्या हाताखाली गावातल्या बायका होत्या. त्या काळी एक मोठी अडचण होती. एकाच नावाची माशी एका गावात पिवळी, तर दुसऱ्या गावात तपकिरी. गिऱ्हाईक पत्राने नाव कळवायचं आणि हातात भलतंच पडायचं. मेरीने ठिकठिकाणच्या मासेमारांकडून पत्रांनी माहिती गोळा केली आणि १८९२ साली माश्यांचा एक मोठा, रंगीत चित्रांचा ग्रंथ छापला. या नावाची माशी म्हणजे हा रंग आणि हे पीस, असं ठरलं. पहिल्या पापडासारखाच शेवटचा पापड असला की दुकानदार पुन्हा येतो, हे आपल्या गटांना सांगायला नको. मेरीने तेच माश्यांच्या बाबतीत घडवलं.

दुसरी कॅरी स्टीव्हन्स. मेन राज्यातल्या एका धरणाकाठी राहणारी. नवरा मासे धरायला आलेल्या पाहुण्यांचा वाटाड्या. कॅरीला माशी बांधायला कुणी शिकवलं नव्हतं. ती शिकंजाही वापरत नसे, गळ हाताच्या बोटांत धरूनच बांधायची. १ जुलै १९२४ रोजी घरातलं काम बाजूला ठेवून तिने स्वतः बांधलेली माशी पाण्यात टाकली आणि सुमारे तीन किलोचा ट्राउट धरला. एका मासिकाच्या स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं आणि तिच्याकडे मागणीची पत्रं येऊ लागली. तिची 'ग्रे घोस्ट', म्हणजे करडं भूत, ही माशी आजही जगभर बांधली जाते. कॅरी माशीच्या काळ्या डोक्यावर रंगीत दोऱ्याची एक बारीक पट्टी घालायची. ती पट्टी बघितली की माशी कॅरीची, हे कळायचं. सही म्हणा, छाप म्हणा. अक्षर एकही नाही, पण नाव मात्र तिचंच.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल डोंगरांत विनी डेट आणि एल्सी डार्बी या दोघींनी आपापल्या नवऱ्यांच्या जोडीने हा धंदा आयुष्यभर केला. डेट जोडप्याची गोष्ट तिथे अजून सांगतात. एका नावाजलेल्या कारागिराने शिकवायला नकार दिला, तेव्हा त्यांनी त्याच्याच माश्या विकत आणल्या आणि एकेक वेढा उलगडून बघत विद्या मिळवली. एल्सी आणि तिच्या नवऱ्याने पिसांसाठी कोंबड्याही पाळल्या आणि नद्या वाचवण्यासाठी भांडणंही केली. पाणी गढूळ आणि गरम झालं तर किडे जातात, किडे गेले तर ट्राउट जातो, आणि ट्राउट गेला तर माशी कोण घेणार? आपला धंदा नदीच्या जिवावर आहे, हे तिने ओळखलं होतं.

पीस कोणाचं?

आता आपल्या सह्याद्रीकडे येऊ, कारण या धंद्याचा एक धागा इथून गेला आहे. आपल्या जंगलातला करडा रानकोंबडा तुम्ही पाहिला किंवा ऐकला असेल. त्याच्या मानेच्या पिसांवर पिवळसर-पांढरे, मेणाचा थेंब पडावा तसे चकाकते ठिपके असतात. माशी बांधणाऱ्यांना ते फार आवडतात, कारण पाण्यात ते डोळ्यासारखे दिसतात. कॅरीच्या करड्या भुताच्या गालावरही हेच पीस आहे. हा पक्षी मूळचा फक्त भारताचा. त्यामुळे कित्येक वर्षं फासे लावून हे पक्षी मारले गेले आणि त्यांच्या माना परदेशी गेल्या. १९६०च्या दशकाच्या अखेरीस सरकारने ही निर्यात बंद केली आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण मिळालं. आता परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. आपल्या रानात कुणी याची पिसं मागत आलं, तर ते काम करू नका आणि वनखात्याला कळवा.

साध्या पिसांसाठी मात्र अमेरिकेत खास कोंबडे पाळतात. पिढ्यान्पिढ्या निवड करून त्यांची पाठीची पिसं इतकी लांब केली आहेत की एका पिसात कित्येक माश्या होतात. २०११ साली तिकडच्या मुलींमध्ये केसांत हीच पिसं माळायची टूम निघाली, आणि माशी बांधणाऱ्यांना पीस मिळेनासं झालं. भावही भडकले.

मोल कशाचं?

आज बाजारातल्या पुष्कळशा माश्या केनिया, श्रीलंका, थायलंड अशा देशांत बांधल्या जातात. बांधणाऱ्यांत बायका भरपूर असतात आणि मजुरी बहुधा नगावर मिळते. नगावरची मजुरी म्हणजे काय, हे विडी वळणाऱ्या किंवा मणी ओवणाऱ्या बाईला समजावायला नको. समजा, एक माशी बांधायला सहा मिनिटं लागतात. तासाला झाल्या दहा. त्यात बिघडलेल्या, परत आलेल्या वजा करा. मान मोडून, डोळे ताणून केलेलं काम हातात किती ठेवतं, ते तेव्हा कळतं. एका माशीत सामान असतं चिमूटभर. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते बोटांच्या सफाईचे. पण बांधणारीचं नाव माशीवर नसतं, आणि नाव नसलं की भाव दुसराच ठरवतो.

तुम्ही सगळ्यांनी माश्या बांधायला घ्या, असं मी सांगत नाही. आपल्याकडे त्याला गिऱ्हाईकही नाही. पण येत्या बैठकीत आपल्या गटाच्या कामाबद्दल तीन प्रश्न जरूर घ्या. आपल्या वस्तूचं माप ठरलेलं आहे का, की प्रत्येकीची वेगळी निघते? एक नग करायला खरा वेळ किती लागतो, ते कुणी घड्याळ लावून पाहिलं आहे का? आणि ती वस्तू गावाबाहेर गेल्यावर आपल्या हातची म्हणून ओळखू येईल, अशी एखादी खूण तिच्यावर आहे का?

कॅरीला त्यासाठी वीतभर रंगीत दोराही लागला नव्हता.