फिरतंय, पण पेटत नाही

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं, धुळे-सोलापूर महामार्गावरच्या वडीगोद्रीजवळचं अंतरवाली सराटी हे गाव मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे २०२३ पासून राज्यभर ठाऊक झालं. २० जानेवारी २०२४ रोजी तिथून मुंबईकडे मोर्चा निघाला, तेव्हा चालणाऱ्यांच्या मागेपुढे ट्रॅक्टर, टेम्पो, जीप आणि नव्या कोऱ्या मोटारी अशा सगळ्या पिढ्यांच्या गाड्या होत्या. हा लेख आंदोलनावर नाही, इंजिनावर आहे. पण इंजिनाबद्दल बोलायला असं गाव सोयीचं. शहरातल्या सोसायटीत बहुतेक एकाच जमान्याच्या गाड्या उभ्या असतात. गोदाकाठच्या या उसाच्या पट्ट्यात यांत्रिक पंपाचा ट्रॅक्टर, कार्बोरेटरची जुनी मोटारसायकल आणि कॉमन रेल डिझेलची गाडी एकाच अंगणात नांदतात, आणि तिघांचीही एक खोड सारखी असते: इंजिन फिरतं, पण चालू होत नाही. मग जो तो आपापला अंदाज सांगतो. बॅटरी बदला, प्लग टाका, पंप गेला असेल, सेन्सर असेल. खरं तर सेल्फ फिरला त्याच क्षणी इंजिनाने अर्धं उत्तर देऊन टाकलेलं असतं. ते ऐकून घेण्याआधी पाना हातात घेतला जातो, म्हणून पैसे वाया जातात. कोणता भाग नेहमी बिघडतो, यावरून तपासणीचा क्रम ठरवू नये. कोणत्या फुकटच्या तपासणीत जास्तीत जास्त संशयित एकदम सुटतात, यावरून ठरवावा.

हे शहाणपण संगणकाबरोबर आलेलं नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली सुरू झाली. तिची आणि तिच्यासारखी इंजिनं पुढे कित्येक दशकं महाराष्ट्रातल्या विहिरींवर पाणी उपसत होती. बॅटरी नाही, सेल्फ नाही. डिकम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल मारून चाकाला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा. खटका सोडल्यावरही हँडल हलकंच फिरलं, तर कम्प्रेशन नाही. व्हॉल्व्ह, रिंगा किंवा हेड गॅस्केट बघायचं. हँडल जड झालं, पण नोझलमधून तो ओळखीचा करकर आवाज आला नाही, तर डिझेल पोचत नाही. टाकी, फिल्टर, नाहीतर लाइनीत एअर. दोन्ही ठीक असूनही इंजिन पेटलं नाही, तर मग पंपाचं टायमिंग किंवा नोझलचा फवारा. दोन खुणा आणि तीन निकाल, सगळं हातानं आणि कानानं. कधी शाळेत न गेलेला माणूसही ही कारणमीमांसा बिनचूक करत असे, कारण चुकीचा भाग उघडला तर दुपार वाया जाणार आणि पीक वाळणार, हे त्याला दिसत असे. (हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हाही त्याच विद्येचा भाग. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा वाचतो.)

मोटारीतून हँडल हळूहळू गेलं ते विजेच्या सेल्फमुळे. चार्ल्स केटरिंगने तयार केलेला सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला. सोय मोठी झाली, पण हाताला कळणारा दाब कळेनासा झाला. तरी तो पुरावा नाहीसा झालेला नाही, तो कानाकडे गेला आहे. धडधाकट इंजिन सेल्फवर फिरतं तेव्हा आवाजात ताल असतो. प्रत्येक सिलिंडर दाबाच्या टोकाला आला की सेल्फ जरा कण्हतो, मग सुटतो, पुन्हा कण्हतो. हा ताल एकसारखा असेल तर कम्प्रेशन बहुधा ठीक. मध्येच एक ठोका चुकत असेल तर एक सिलिंडर कमजोर. आणि तालच नसेल, नेहमीपेक्षा वेगाने, विनासायास, सुंई करत इंजिन फिरत असेल, तर सेल्फ लगेच सोडावा. टायमिंग बेल्ट तुटल्याचं किंवा घसरल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि अनेक इंजिनांत अशा अवस्थेत पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला धडकतो. ही एक खूण पाच सेकंदांत, एक पैसा न घालवता मिळते आणि इंजिनाचं सगळं पोट तपासून देते. प्लग बदलण्याने यातलं काहीच कळत नाही.

इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. ‘सेल्फ फिरतो, म्हणजे बॅटरी चांगली’ असं सर्रास म्हटलं जातं. ते बरंचसं खरं आहे, पूर्ण नाही. बारा व्होल्टची चार्ज झालेली बॅटरी विसाव्याला सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ मारताना ती साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. त्याखाली गेली तर सेल्फ कसाबसा फिरतो, पण इंजिन चालवणारा संगणक, म्हणजे ईसीएम, अर्धमेला होतो आणि ना करंट सोडतो, ना इंधन. म्हणून रेंगाळत फिरणाऱ्या सेल्फने बॅटरीला, तिच्या टर्मिनलला आणि अर्थच्या पट्टीला निर्दोष ठरवू नये. जोमात फिरणाऱ्याने ठरवावं. शंभर-दोनशे रुपयांच्या मल्टिमीटरवर हा निकाल लागतो.

आता इंधन आणि ठिणगी. पेट्रोलच्या गाडीला दाबलेली हवा, इंधन आणि नेमक्या क्षणी ठिणगी लागते. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत किल्ली ऑन केल्यावर, सेल्फ न मारता, मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो टाकीतला पंप. आवाज आला तर पंपाचा फ्यूज, रिले, वायर हे सगळे बहुधा एकदम सुटले. उरला तो दाब. आवाज आला नाही तर पंप विकत घेण्याआधी फ्यूज काढून बघावा, आणि रिले शेजारच्या तशाच रिलेशी, उदाहरणार्थ हॉर्नच्या, अदलाबदल करून बघावा. अदलाबदल आणि खरेदी यांत फरक आहे. अदलाबदल ही तपासणी आहे, कारण ती मागे घेता येते. बराच वेळ सेल्फ मारूनही सायलेन्सरला पेट्रोलचा वास येत नसेल तर इंधन पोचत नाही. उग्र वास येत असेल तर इंधन पोचतं आहे, पण जळत नाही. म्हणजे ठिणगीकडे वळायचं, नाहीतर प्लग ओले झालेत असं समजायचं. पुष्कळ इंजेक्शनच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला तर संगणक इंधन तोडतो आणि ओलं इंजिन कोरडं होतं.

आणखी दोन साक्षीदार डॅशबोर्डवरच बसलेले असतात. चोरीविरोधी इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहिला तर संगणकाला किल्ली ओळखू आलेली नाही, आणि अनेक गाड्यांत सेल्फ फिरतो तरी इंधन बंद असतं. दुसरी किल्ली घेऊन बघणं हा त्यावरचा फुकटचा प्रयोग. दुसरा साक्षीदार आरपीएमचा काटा. सेल्फ मारताना पुष्कळ गाड्यांत तो थोडा तरी उचलतो. अजिबात हलत नसेल तर क्रँक सेन्सरचा संशय बळावतो. इंजिन फिरतं आहे हेच संगणकाला कळत नाही, मग तो इंधन कशाला सोडेल? मराठवाड्यात या सेन्सरची एक खास खोड दिसते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, गाडी चालून तापते, बंद केली की चालू होत नाही, आणि अर्ध्या तासाने थंड झाल्यावर शहाण्यासारखी चालू होते. तापल्यावर मरणारा आणि निवल्यावर जगणारा भाग गॅरेजमध्ये पोचेपर्यंत नेहमी जिवंतच असतो. म्हणून ‘कधी होतं’ हे ‘काय होतं’ इतकंच नीट सांगावं लागतं.

डिझेलला ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि त्या हवेत डिझेल फवारायचं. त्यामुळे इथला सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे धूर. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरट धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये जातं आहे, पण पेट घेत नाही. उष्णता, कम्प्रेशन किंवा टायमिंग बघा, आणि थंडीच्या पहाटे असेल तर आधी हीटर प्लग. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. ट्रॅक्टरमध्ये मग बंद करायची दोरी किंवा सोलेनॉइड अडकलंय का, फिल्टर तुंबलाय का, टाकी रिकामी होऊन एअर धरली का, या क्रमाने जावं. हातपंप मारून बोल्ट ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत एअर काढणं हे इथल्या बहुतेक ट्रॅक्टरवाल्यांना येतं. कॉमन रेलच्या गाडीत हेच तत्त्व आहे, फक्त आकडे मोठे. रेलमध्ये साधारण २०० बारचा दाब तयार झाल्याशिवाय संगणक नोझल उघडतच नाही. फिल्टर तुंबला, हवा शिरली, पंप झिजला किंवा एखादं नोझल दाब मागे सोडू लागलं, तरी बाहेरून तक्रार एकच दिसते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ बंधनकारक झालं, गाडीत सेन्सरांची गर्दी झाली. मग कान, नाक आणि धूर यांचं काय घेऊन बसलात, स्कॅनर लावा आणि वाचा. स्कॅनर लावावाच. रेलचा दाब आकड्यात दाखवणारं दुसरं साधन गॅरेजमध्ये नाही. पण स्कॅनरचा कोड काय सांगतो हे नीट पाहिलं पाहिजे. पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या ‘सर्किट’मध्ये दोष आहे असं म्हणतो. सेन्सर गेला असं तो म्हणत नाही. सर्किटमध्ये सेन्सर आहे, प्लग-सॉकेट आहे, आणि दोन मीटर वायर आहे. खळ्यात धान्य आलं की बॉनेटखाली उंदीर येतात, आणि वायरचं आवरण त्यांना आवडतं. उंदराने कुरतडलेल्या वायरपायी नवा सेन्सर बसवला तर कोड तसाच राहतो आणि बिल तेवढं वाढतं. पी००८७ रेलचा दाब कमी असल्याचं सांगतो. वर मोजलेल्या चार कारणांपैकी कोणतं, ते सांगत नाही. त्यातलं स्वस्त कारण काही शे रुपयांचा फिल्टर, महाग कारण हजारो रुपयांची नोझलं. कोड म्हणजे साक्षीदाराचा जबाब आहे, निकाल नव्हे. उलटतपासणी मल्टिमीटरने आणि नोझलच्या परतीच्या डिझेलची बाटल्यांत तुलना करूनच होते.

दुसरा आक्षेप अनुभवी मिस्त्रींचा. हजार गाड्या बघितलेल्या माणसाला तपासण्यांची उतरंड लागत नाही, तो बघताक्षणी सांगतो. सांगतो, आणि पुष्कळदा बरोबर सांगतो. पण त्याच्या डोक्यात असतं ते प्रमाण: या मॉडेलच्या दहा गाड्यांत सात वेळा काय निघालं. समोरची गाडी सातातली की तिनातली, हे प्रमाण सांगू शकत नाही. पाच मिनिटांची फुकट तपासणी ते सांगते. शिवाय प्रमाण स्वतःच बदलतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते राज्यातल्या साखर कारखान्यांतही तयार होतं, आणि अंबड तालुक्यात अंकुशनगरचा समर्थ कारखाना आहे, त्यामुळे या भागाला इथेनॉल काही परकं नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात टाकीत पुरेसं पाणी शिरलं तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. महिनाभर उभ्या राहिलेल्या मोटारसायकलचं इंजिन नवा प्लग टाकूनही पेटलं नाही, तर काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून ठेवावं. दोन थर दिसले की वाद संपला. जुन्या अनुभवात ही शक्यता फारशी नव्हती.

तिसरा आक्षेप मालकाबद्दल: त्याने हात लावूच नये. यात तथ्य आहे, आणि सीमा आखता येते. ऐकणं, वास घेणं, दिवे बघणं, फ्यूज काढून बघणं, दुसरी किल्ली लावणं, एवढं कोणीही करावं. महामार्गावर बंद पडलेली गाडी ओढत नेऊन कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायचं, तर बहुतेक वेळा जालना किंवा छत्रपती संभाजीनगर. त्याआधी एवढं बघणं परवडतं. मात्र एका दमात दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावं, कारण सेल्फची मोटार शेकडो अँपिअर खाते आणि तापते. एअर क्लीनरजवळ पेट्रोलचा बोळा धरणं किंवा स्टार्टिंग स्प्रे मारणं हा जुना इलाज हीटर प्लग असलेल्या डिझेलमध्ये स्फोटाला आमंत्रण आहे. कॉमन रेलची हाय प्रेशर लाइन चालत्या इंजिनावर ढिली करू नये. तिथली धार कातडीतून आत शिरते. आणि टायमिंग बेल्टचा संशय असेल तर धक्का मारायला चार माणसं जमली असली तरी गाडीला धक्का मारू देऊ नये.