आवाजाचा नवा मार्ग
‘आयएमएस’ तंत्रज्ञान स्वीकारताना दूरसंचार कंपन्यांपुढे कोणते प्रश्न उभे राहतात?

- प्रतिनिधी

टेलिफोन म्हणजे दोन माणसांना जोडणारी तार, ही कल्पना शंभराहून अधिक वर्षे टिकून राहिली. मुंबईत १८८२ मध्ये पहिले टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले, तेव्हा ती तार खरोखरच डोळ्यांना दिसत असे आणि ती जोडण्याचे काम एक्स्चेंजमध्ये बसलेली माणसे करीत. पुढे माणसांची जागा यंत्रांनी घेतली, इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजेस आली, १९९५ मध्ये भारतात मोबाइल आला. तरीही मूळ तत्त्व बदलले नाही. संभाषण सुरू झाले की त्या दोघांसाठी एक वाट राखून ठेवायची आणि ते संपेपर्यंत ती दुसऱ्या कोणालाही द्यायची नाही, हे ते तत्त्व.

फोर-जी तंत्रज्ञानाने हे तत्त्व मोडीत काढले. फोर-जीच्या जाळ्यात आवाजासाठी अशी राखीव वाटच नाही. तेथे सर्व काही डेटा आहे. मग या जाळ्यावरून फोन लागतो कसा? त्याचे उत्तर ‘आयपी मल्टिमीडिया सबसिस्टीम’ अर्थात ‘आयएमएस’ या व्यवस्थेत आहे. जगभरातील दूरसंचार कंपन्या आपली सेवा या व्यवस्थेवर नेत आहेत. यंत्रसामग्री विकत घेतली की हे काम झाले, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात यंत्रे बसविणे हा त्यातील तुलनेने सोपा भाग आहे. ग्राहकाच्या हातातील हँडसेट, दुसऱ्या कंपनीशी असलेली जोडणी, आणीबाणीतील दूरध्वनी आणि घरातील वीज या चार ठिकाणी या स्थित्यंतराची खरी कसोटी लागते.

काय आहे ही व्यवस्था?

जुन्या एक्स्चेंजमध्ये प्रत्येक संभाषणाला सेकंदाला ६४ हजार बिट क्षमतेची वाट दिली जाई. दोघेही गप्प बसले तरी ती वाट अडलेलीच. शिवाय आवाज वाहून नेणे, फोन कोणाला लावायचा हे ठरविणे आणि ‘कॉल वेटिंग’सारख्या सुविधा देणे ही सर्व कामे एकाच यंत्रात गुंफलेली असत. नवी सुविधा द्यायची म्हटली, की त्या यंत्राच्या निर्मात्याकडे जाण्यावाचून कंपनीला गत्यंतर नसे.

आयएमएसने या तीन कामांची फारकत केली. सर्वांत खाली वाहतुकीचा थर. तो फोर-जीचा असो, फाइव्ह-जीचा असो, ऑप्टिकल फायबरचा असो वा वाय-फायचा, वरच्या थराला त्याचे सोयरसुतक नसते. मधला थर नियंत्रणाचा. ग्राहक कोण, तो आत्ता कोठे आहे, त्याला कोणत्या सेवेचा हक्क आहे, हे तेथे तपासले जाते. सर्वांत वरचा थर सेवांचा. तेथील संगणकांवर कॉल वेटिंग, कॉन्फरन्स, व्हिडिओ कॉल यांसारख्या सुविधांची सॉफ्टवेअर चालतात.

मोबाइल सुरू करताच तो या व्यवस्थेकडे आपली नोंदणी करतो. क्रमांक फिरविल्यावर एक निमंत्रण निघते. ते नियंत्रक संगणकांमार्फत पलीकडच्या मोबाइलपर्यंत पोहोचते. आवाजाचे रूपांतर कोणत्या पद्धतीने करायचे, हे दोन्ही हँडसेट आपसांत ठरवितात आणि मगच घंटी वाजते. या निमंत्रण पद्धतीला ‘सिप’ म्हणतात. तिचे आज प्रचलित असलेले मानक २००२ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी मोबाइल तंत्रज्ञानाची मानके ठरविणाऱ्या ‘थ्री-जीपीपी’ या संस्थेच्या पाचव्या आवृत्तीत आयएमएसचा समावेश झाला.

आवाजही डेटाच असेल, तर तो इंटरनेटवरील इतर मजकुराच्या गर्दीत अडकत कसा नाही? येथेच या सेवेचा आणि इंटरनेटवरील साध्या अ‍ॅपचा फरक आहे. फोर-जीच्या जाळ्यात आयएमएसवरील संभाषणासाठी वेगळा प्राधान्यक्रम ठरलेला आहे. आवाजाच्या पुड्या मोबाइल आणि कंपनीचे मुख्य केंद्र यांच्यामध्ये १०० मिलिसेकंदांच्या आत पोहोचाव्यात, असे मानक सांगते. चित्रपट थांबत थांबत उतरला तरी चालते. संभाषण थांबून चालत नाही.

आवाजाचा दर्जाही सुधारतो. जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच कंपनसंख्येचा आवाज जाई. म्हणूनच ‘स’ म्हटले की ‘फ’, हे नाव सांगताना दोनदोनदा विचारावे लागे. नव्या पद्धतीत हा पट्टा ५० ते ७००० हर्ट्‌झपर्यंत रुंदावतो.

स्वप्न एक, उपयोग दुसरा

आयएमएसची कल्पना मांडली गेली, तेव्हा कंपन्यांचे स्वप्न वेगळेच होते. व्हिडिओ कॉल, चित्रांची देवाणघेवाण, मित्र ‘उपलब्ध’ आहे की नाही हे दाखविणारी यादी, अशा सेवा विकून नवे उत्पन्न मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. कंपन्यांमध्ये मानकांचा घोळ सुरू असतानाच स्मार्टफोन आले आणि या सर्व सेवा इंटरनेटवरील अ‍ॅपनी फुकट देऊ केल्या. व्हॉट्सअ‍ॅपने २०१५ मध्ये आवाजाची आणि २०१६ मध्ये व्हिडिओ कॉलची सोय दिली, तेव्हा कंपन्यांच्या हातून ही बाजारपेठ निसटलीच होती.

तरीही आयएमएस टिकले, ते फोर-जीमुळे. या जाळ्यावर आवाज न्यायचा कसा, याबाबत उद्योगात एकवाक्यता नव्हती. मोबाइल कंपन्यांच्या ‘जीएसएमए’ या जागतिक संघटनेने २०१० मध्ये आयएमएसवर आधारित पद्धतीला पाठिंबा दिला. हीच आपल्या परिचयाची ‘व्होल्टे’. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिका आणि दक्षिण कोरिया येथे तिचा व्यापारी प्रारंभ झाला. बहुविध करमणुकीसाठी आखलेली व्यवस्था अखेर साध्या फोनची तारणहार ठरली.

भारतातील तीन वाटा

नवी व्यवस्था स्वीकारण्याच्या निरनिराळ्या रीती पाहायच्या असतील, तर भारतासारखे उदाहरण नाही.

पहिली वाट कोऱ्या पाटीची. रिलायन्स जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली, तेव्हा तिच्याकडे टू-जी वा थ्री-जीचे जाळेच नव्हते. प्रत्येक संभाषण आयएमएसवरूनच जाणे भाग होते. जुने सांभाळण्याचा खर्च वाचला. पण व्होल्टेची सोय असलेले हँडसेट तेव्हा थोड्याच ग्राहकांकडे होते. त्यावर कंपनीने दोन तोडगे काढले. व्होल्टे नसलेल्या फोर-जी हँडसेटसाठी तिने स्वतंत्र अ‍ॅप दिले. पुढच्याच वर्षी १५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर बटणांचा ‘जिओफोन’ जाहीर केला. जाळे उभे करणाऱ्या कंपनीला हँडसेटच्या धंद्यात उतरावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

दुसरी वाट जुन्या वाड्याच्या दुरुस्तीची. एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांचे कोट्यवधी ग्राहक टू-जी व थ्री-जीवर होते. त्यांच्या फोर-जी ग्राहकाला फोन आला, की हँडसेट तात्पुरता फोर-जी सोडून जुन्या जाळ्यावर उतरे. त्यात काही सेकंद जात आणि इंटरनेटचा वेग मंदावे. एअरटेलने सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईपासून व्होल्टेचा प्रारंभ केला. व्होडाफोन आणि आयडिया यांनी २०१८ मध्ये तिचे अनुकरण केले. पुढे एअरटेलने थ्री-जी बंद केले; पण टू-जी सुरूच ठेवले. बटणांचा साधा फोन वापरणारा ग्राहक तेथेच आहे. जुने आणि नवे जाळे एकाच वेळी चालविण्याचा खर्च ही या वाटेची किंमत होय.

तिसरी वाट भारत संचार निगमची. लँडलाइनची जुनी एक्स्चेंजेस बदलण्याचे काम तिने हाती घेतले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या सरकारी संस्थेची एक्स्चेंजेस देशात गावोगावी बसली होती. त्याच संस्थेने ती यंत्रे नव्या पद्धतीत आणण्यासाठी ‘मॅक्स-एनजी’ हे तंत्रज्ञान विकसित केले. ग्राहकाच्या घरातील तार आणि टेलिफोन तेच ठेवून मागचे एक्स्चेंज बदलता येते, हा त्याचा लाभ. मोबाइलच्या बाबतीत मात्र निगमला दीर्घ प्रतीक्षा करावी लागली. सी-डॉट, तेजस नेटवर्क्स आणि टीसीएस यांनी मिळून उभारलेल्या स्वदेशी फोर-जीचे राष्ट्रार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले.

दोन कंपन्यांमधील अरुंद पूल

एखाद्या कंपनीचे आतले जाळे कितीही आधुनिक झाले, तरी तिच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलायचे असतेच. २०१६ मध्ये हा पूल जुन्या पद्धतीचा होता. एका ‘ई-वन’ जोडणीवरून एका वेळी ३० संभाषणे, असा त्याचा हिशेब. म्हणजे आयएमएसवरून निघालेला आवाज कंपनीच्या सीमेवर पुन्हा जुन्या रूपात बदलायचा आणि मोजक्या वाटांमधून पलीकडे पाठवायचा.

जिओचा प्रारंभ होताच या पुलावर कोंडी झाली. अशा जोडणीवर न लागणाऱ्या फोनचे प्रमाण हजारात ५ हून अधिक असू नये, असा ‘ट्राय’चा दंडक होता. तो मोठ्या प्रमाणावर मोडला गेला. स्पर्धक पुरेशा जोडण्या देत नाहीत, ही जिओची तक्रार. तर फुकट सेवेमुळे आलेला हा पूर कोणालाच झेपणार नाही, हे इतरांचे म्हणणे. ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये तीन कंपन्यांना एकूण ३०५० कोटी रुपये दंड करण्याची शिफारस केली. या साऱ्या वादात तंत्रज्ञान निर्दोष होते. ग्राहकाचा फोन तरीही लागत नव्हता. दोन कंपन्यांमधील जोडणीही आयपी पद्धतीची व्हावी आणि तिच्या क्षमतेचे नियोजन आधीच व्हावे, हा यातून मिळणारा धडा आहे.

जुने बंद करताना

सर्वांत अवघड पायरी शेवटची. दोन जाळी कायमची चालविणे परवडत नाही. पण जुने बंद केले, तर त्यावर विसंबलेल्या ग्राहकाचे काय?

ऑस्ट्रेलियातील अनुभव या संदर्भात महत्त्वाचा आहे. तेथील टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून थ्री-जी बंद करण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वी एक विचित्र गोष्ट उघडकीस आली. काही हँडसेट रोजचे फोन व्होल्टेवरून करीत. परंतु ‘०००’ हा आणीबाणीचा क्रमांक फिरविताच थ्री-जीचे जाळे शोधू लागत. ग्राहकाला याची कल्पना असण्याचे काही कारणच नव्हते. सरकारने अखेर नियम बदलला आणि आणीबाणीचा फोन करू न शकणाऱ्या हँडसेटला सेवाच देऊ नये, असे बंधन कंपन्यांवर घातले.

लँडलाइनच्या बाबतीत प्रश्न विजेचा आहे. तांब्याच्या तारेवरील टेलिफोनला एक्स्चेंजमधील बॅटरीतून वीज मिळते. म्हणून घरातील दिवे गेले तरी तो चालू राहतो. फायबरवरील टेलिफोनचे तसे नाही. घरातील राउटरची वीज गेली, की फोनही गेला. ब्रिटनमध्ये वृद्धांच्या घरी टेलिफोन तारेला जोडलेली मदतीची उपकरणे असतात. नव्या जाळ्यावर नेताना त्यांपैकी काही निकामी झाल्याचे गंभीर प्रकार २०२३ मध्ये घडले. त्यानंतर जुने जाळे बंद करण्याची मुदत डिसेंबर २०२५ वरून जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलण्यात आली.

क्रम महत्त्वाचा

या सर्व अनुभवांतून कंपन्यांसाठी एक क्रम स्पष्ट होतो. आधी आतली वाहतूक आयपीवर आणावी. ग्राहकाला त्याची जाणीवही होत नाही. मग नियंत्रणाचा थर उभारावा. तो आता विशिष्ट यंत्रांऐवजी सर्वसाधारण सर्व्हरवरील सॉफ्टवेअरच्या रूपातही मिळतो. त्यानंतर एकेका शहरात सेवा सुरू करून हँडसेटची कसून चाचणी घ्यावी. त्यात आणीबाणीच्या ‘११२’ क्रमांकाची चाचणी वगळून चालणार नाही. इतर कंपन्यांशी जोडणी वाढवावी. जुने जाळे बंद करण्याचा निर्णय सर्वांत शेवटी, आणि तोही त्यावर नेमके कोण उरले आहे हे मोजूनच घ्यावा.

हे स्थित्यंतर थांबणारे नाही. फाइव्ह-जीवरील आवाजही आयएमएसवरूनच जातो आणि घरातील वाय-फायवरून फोन करण्याची सोयही त्याचीच देणगी आहे. ग्राहकांनी आपल्या परीने दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. हँडसेटच्या सेटिंगमध्ये व्होल्टेची सोय आहे का आणि ती सुरू आहे का, ही पहिली. लँडलाइन फायबरवर गेली असल्यास राउटरला बॅटरीचा आधार आहे का, ही दुसरी. घरात एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती असेल, तर दुसरी गोष्ट अधिक निकडीची.

टेलिफोन सेवेचे मोजमाप अखेर वेगाने होत नाही. गरजेच्या क्षणी फोन लागला की नाही, यानेच होते. तार दिसेनाशी झाली, राखीव वाटही गेली. पण तिच्यासोबत येणारी खात्री जाऊ न देणे ही जबाबदारी आता जाळे चालविणाऱ्यांवर आहे.