पवित्रता व नित्याचा प्रयत्न

पवित्रता हा शब्द आपण वारंवार ऐकतो. परंतु त्याचा अर्थ विचारला असता बहुतेकजण घोटाळ्यात पडतात. कोणास वाटते, ज्याच्या हातून कधीही चूक होत नाही तोच पवित्र. कोणास वाटते, पवित्रता साधुसंतांसाठी आहे. शाळेत शिकणाऱ्या मुलांचा व संसारात गुंतलेल्या आईबापांचा तिच्याशी काय संबंध? आपल्या देशात तर आणखी एक समजूत फार जुनी आहे. पवित्र म्हटले की सोवळे-ओवळे, अमक्याचा स्पर्श व तमक्याचे पाणी हेच प्रथम डोळ्यांपुढे येते. ख्रिस्ती शास्त्रात पवित्रतेचा अर्थ काय, आणि विश्वासणाऱ्यास तिच्यासाठी जन्मभर प्रयत्न का करावा लागतो, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे. आमच्या वाचकांत अन्य धर्मांचे विद्यार्थी व पालकही आहेत. त्यांसही तो उपयोगी पडेल अशी आशा आहे.

जुन्या करारात पवित्र या अर्थी जो इब्री शब्द येतो, त्यात 'देवासाठी वेगळे राखलेले' असा भाव आहे. मंदिरातील पात्र ज्या धातूचे, त्याच धातूचे पात्र घरीही असू शकते; पण ते देवाच्या सेवेसाठी राखलेले म्हणून पवित्र. प्रभू येशूने हा विचार आणखी खोल नेला. हात न धुता जेवणाऱ्या शिष्यांवरून परूश्यांनी वाद काढला, तेव्हा त्याने जे उत्तर दिले ते मार्काच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात आहे. बाहेरून पोटात जाणाऱ्या अन्नाने मनुष्य विटाळत नाही. लोभ, कपट, निंदा, गर्व हे जे अंतःकरणातून निघते त्याने तो विटाळतो, असा त्या उत्तराचा आशय आहे.

येथे अशी शंका येते, की ख्रिस्तावर विश्वास ठेवला, पापांची क्षमा मिळाली, बाप्तिस्मा झाला; मग आणखी प्रयत्न कशास? याचे उत्तर नागपूरकरांस दूर शोधावयास नको. काटोलकडील एखाद्या संत्र्याच्या बागेत जाऊन पाहावे. तेथे जंबेरीचे रोप वाढवून त्याच्या खुंटावर चांगल्या संत्र्याचा डोळा भरतात. तो डोळा रोपाने स्वतः मिळविलेला नसतो; माळी तो आणून बसवितो. डोळा धरला की झाड संत्र्याचे झाले. परंतु खुंट जंबेरीचाच राहतो आणि त्याला जंबेरीचे फुटवे फुटत असतात. ते वेळच्या वेळी काढले नाहीत, तर रस तेच खातात व संत्र्याची फांदी खुरटते. फळासही काही वर्षे वाट पाहावी लागते. पुढे बहार धरावयाचा तर काही दिवस पाणी तोडून झाडास ताण देतात. पाने मलूल होतात, नवख्यास वाटते झाड गेले. पण पुन्हा पाणी मिळताच फुले येतात.

ख्रिस्ती जीवनाचेही असेच आहे. नवे जीवन हे देवाचे दान होय; ते कोणी कमावीत नाही. परंतु जुन्या स्वभावाचे फुटवे रोज फुटतात, आणि ते रोज काढावे लागतात. या आयुष्यभराच्या कामास धर्मशास्त्री 'पवित्रीकरण' म्हणतात. यात मनुष्य एकटा नसतो. पवित्र आत्मा त्याच्यामध्ये कार्य करीत असतो. म्हणून आळसास जागा नाही, तशी निराशेसही नाही. प्रेषित पौलाने बंदिवासातून फिलिप्पै येथील मंडळीस पत्र लिहिले, तेव्हा त्याच्या सेवेस पुष्कळ वर्षे लोटली होती. तरीही आपण पूर्णत्वास पोहोचलो नाही हे तो स्पष्ट सांगतो, आणि निशाणाकडे धावणाऱ्याची उपमा स्वतःस देतो.

आपल्या महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांचे होय. टिळक काही काळ नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास होते. १८९३ साली राजनांदगावास जात असता आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते वेधले गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण म्हणून त्यांचा तापट स्वभाव त्याच दिवशी निवला असे नाही. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात पतीचे थोरपण जसे सांगितले आहे, तसे त्यांचे दोषही झाकलेले नाहीत. टिळक झगडत राहिले, वाढत राहिले. १९१७ साली, उतारवयात, त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि 'देवाचा दरबार' हा बंधुसंघ स्थापिला. आता आपण पोहोचलो असे त्यांस तेव्हाही वाटले नव्हते.

लक्ष्मीबाईंची वाट याहून बिकट होती. त्यांच्या माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारचा जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. पती ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. मग मनाशी विचार करता करता त्यांस उमगले, की मनुष्यांत देवाने स्त्री व पुरुष एवढाच भेद केला. जातिभेद मनुष्यांनी केले. त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या सिद्ध झाल्या, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या घरी परक्याची सावली चालत नसे, त्या घरच्या मुलीने पुढे अनाथ लेकरे आपल्या घरी वाढविली. पतीने अपुरे ठेविलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी पुढे चालविले. १९३३ साली आपल्या नागपुरात भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान त्यांनीच भूषविले.

एकट्याने झगडणारा मात्र लवकर थकतो. इंग्लंडातील जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांच्या अनुयायांस हे सहज कळून आले. १७४२ साली ब्रिस्टल येथील प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी प्रत्येक सभासदाने आठवड्यास एक पेनी द्यावी असे ठरले, आणि बाराबारा जणांमागे एक पुढारी नेमला. पेनी गोळा करण्यास पुढारी घरोघर जाऊ लागले, तो कोणाच्या घरी भांडण, कोणास दारूचे व्यसन, असे दिसून आले. त्यातून आठवड्यास एकत्र जमून एकमेकांची विचारपूस करण्याची पद्धत पडली. दोन मित्रांनी किंवा एका कुटुंबाने हे करावयाचे ठरविले, तर त्यास पेनीही लागत नाही.

विद्यार्थिमित्रहो, सर्व दोष एकदम जिंकण्याचा संकल्प सोडून द्या. तो बहुधा आठवडाभरही टिकत नाही. एक दोष निवडा : खोटे बोलणे, उत्तर चोरून लिहिणे, दुबळ्या सोबत्यास चिडविणे. रात्री प्रार्थनेच्या वेळी त्याचा हिशेब घ्या. ज्याचा अपराध केला, त्याची दुसऱ्या दिवशी क्षमा मागा. पुन्हा पडलात तर पुन्हा उठा. पडलेला धावपटू शर्यतीतून बाद होत नाही. बसून राहिलेला होतो.

पालकांसही आमची एक विनंती आहे. बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावरून गेले तरी जातीचा अभिमान पुष्कळांच्या मनातून गेलेला नाही, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. सोयरीक जुळविताना तो डोके वर काढतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा पेला आजही कित्येक घरांत निराळा ठेवला जातो, आणि मुले ते मुकाट्याने पाहतात. त्या पेल्यापासून मुले पवित्रतेचा जो धडा घेतात, तो शाळेतील शंभर प्रवचनांनी पुसला जात नाही. तो पेला इतर पेल्यांच्या रांगेत ठेवणे हे आपल्या घरातील पवित्रीकरणाचे पहिले काम असू शकेल. हे काम लहान दिसले तरी मन प्रथम आढेवेढे घेईल. त्यासाठी देवाची कृपा मागावी, आणि हात पुढे करावा. ती कृपा आपणां सर्वांस लाभो.