बाँबवर्षावातील पियानो

युद्ध पुकारले गेले आणि सप्टेंबर १९३९ मध्ये लंडनमधील संगीतगृहांना सरकारी हुकुमाने कुलपे लागली. नॅशनल गॅलरीतील चित्रेही सुरक्षित स्थळी हलविलेली. उरल्या त्या उघड्या भिंती. वयाच्या सतराव्या वर्षी, १९०७ साली, बेथोव्हेनच्या चौथ्या कन्चर्टोने रसिकांपुढे आलेल्या मायरा हेस आता पन्नाशीला टेकल्या होत्या. अमेरिकेचा ठरलेला दौरा त्यांनी रद्द केला आणि या रिकाम्या दालनांत दुपारच्या मैफली भरविण्याची कल्पना संचालक केनेथ क्लार्क यांच्यापुढे मांडली. प्रवेशमूल्य अवघे एक शिलिंग. १० ऑक्टोबरच्या पहिल्या मैफलीला पन्नासएक श्रोत्यांची अपेक्षा होती. लोटले सुमारे हजार!

हेसबाईंनी त्या दिवशी वाजविला तो बेथोव्हेनच, म्हणजे शत्रुराष्ट्राचा. हिटलरशी वैर म्हणजे बेथोव्हेनशी वैर नव्हे, हा विवेक शांततेच्या काळात सोपा. डोक्यावर विमाने घोंगावत असता तो टिकविणे अवघडच. १९४० च्या बाँबवर्षावात मैफली तळघरात गेल्या, थांबल्या मात्र नाहीत. एप्रिल १९४६ पर्यंत त्यांची संख्या सतराशेच्या घरात पोहोचली. स्वतःच्या वादनाची बिदागी बाईंनी कधी घेतली नाही. शांतताकाळातही हा उपक्रम चालावा, ही त्यांची इच्छा होती. चित्रे परतली, विश्वस्तांनी ती मानली नाही.