सूर्यावर भडका उडाला म्हणजे वादळ पृथ्वीवर येतेच असे नाही

सूर्यावर मोठा स्फोट झाल्याची बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरायला लागतात. मोबाइल बंद पडणार, रात्री फोन उशाला ठेवू नका, वगैरे. हा घोळ होतो, कारण सूर्यावरच्या दोन वेगळ्या घटना एकच समजल्या जातात. एक सौरज्वाला आणि दुसरी कोरोनल मास इजेक्शन, म्हणजे सीएमई.

दोघांत फरक काय?

सौरज्वाला हा प्रकाशाचा आणि क्ष-किरणांचा भडका असतो. तो साधारण ८ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतो. त्याने दिवसाच्या बाजूला लांब पल्ल्याचा रेडिओ काही काळ बिघडतो, बस.

सीएमई म्हणजे सूर्याभोवतीच्या तापलेल्या वायूचा प्रचंड लोट. त्यात अब्जावधी टन विद्युतभारित कण असतात आणि सोबत चुंबकीय क्षेत्रही असते. त्याला पृथ्वीपर्यंत यायला बहुतेक वेळा एक ते तीन दिवस लागतात. खरे वादळ येते ते यामुळे.

सुरुवात कशी होते?

सूर्य वायूचा गोळा आहे. त्याचा मधला भाग सुमारे २५ दिवसांत फिरतो, ध्रुवांकडच्या भागाला त्याहून बरेच जास्त दिवस लागतात. त्यामुळे चुंबकीय रेषांना चऱ्हाटासारखा पीळ बसत जातो. जिथे ही क्षेत्रे जोरकस होऊन वर येतात, तिथे काळे डाग दिसतात.

पीळ बसलेला हा दोर वर उसळू पाहतो. त्याच्यावरच्या चुंबकीय कमानी त्याला दाव्यासारख्या धरून ठेवतात. पीळ फार वाढला की रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात. दावे तुटले की बैल उधळावा तसा दोर वायूसकट बाहेर फेकला जातो. साठलेली काही ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते, ती ज्वाला. काही ऊर्जा वायू फेकण्यात जाते, ती सीएमई. म्हणजे एकीमुळे दुसरी होते असे नाही, दोन्हींचे मूळ त्या पिळातच असते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये सूर्यावर एक अवाढव्य डाग होता. त्यातून सर्वांत वरच्या, म्हणजे एक्स श्रेणीच्या सहा ज्वाला निघाल्या, पण मोठी सीएमई एकीबरोबरही सुटली नाही. वरच्या कमानी फार मजबूत होत्या. उलट कधी डागांपासून दूरचा वायूचा पट्टा ठळक ज्वालेशिवायच सुटून जातो.

शेतीशी संबंध काय?

मे २०२४ मध्ये एकाच डागातून लागोपाठ अनेक सीएमई पृथ्वीकडे आल्या. १० मे रोजी धडकलेले ते वादळ २००३ नंतरचे सर्वांत मोठे होते. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला. अमेरिकेत तेव्हा मक्याची पेरणी चालू होती. जीपीएसवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांच्या ओळी चुकायला लागल्या, काही शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली. आपल्याकडेही ड्रोन फवारणी आणि रोव्हरने जमीन मोजणी उपग्रहांच्या सिग्नलवरच चालते. मोठे वादळ असेल तेव्हा अशी अचूक कामे एखादा दिवस पुढे ढकललेली बरी. माणसाच्या शरीराला जमिनीवर धोका नाही, कारण वातावरण आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आड येते.

महाराष्ट्राची नोंद

१८५९ च्या सप्टेंबरमधले प्रसिद्ध सौरवादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदले गेले होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदींचे काम अलिबागला हलवले. तिथे १९०४ पासून नोंदी होतात. सूर्यावर नजर ठेवायला आता पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आदित्य एल-१ आहे. त्यातली एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने तयार केली आहे.

पुढच्या वेळी अशी बातमी आली की तीन गोष्टी बघाव्यात. नुसती ज्वाला आहे की सीएमईसुद्धा सुटली? तिचे तोंड पृथ्वीकडे आहे का? आणि तिच्यातले चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले आहे का? तसे असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि वादळ जोर धरते. ही तिसरी गोष्ट मात्र सीएमई जवळ आल्यावरच नीट कळते.