मुलांचा वाढता नंबर आणि रात्रीची लेन्स

"मुलीचा नंबर दर वर्षी वाढतो. रात्री लेन्स लावून झोपले की तो थांबतो म्हणतात. खरे आहे का?" पालकांच्या मनातील या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे देत आहोत.

फळ्यावरचे पुसट दिसते, कारण वाढत्या वयात डोळ्याचा गोल गरजेपेक्षा लांब होतो. नंबर फार वाढला तर पुढे आतला पडदा सुटण्याचा आणि काचबिंदूचा धोका वाढतो. म्हणून पालकांची काळजी रास्तच आहे.

या उपायाला ऑर्थोकेरॅटॉलॉजी म्हणतात. कडक लेन्स रात्रभर बुबुळावर राहते व त्याचा मधला भाग किंचित चपटा करते. सकाळी लेन्स काढली की दिवसभर चष्म्याशिवाय दिसते. हाँगकाँगमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २ वर्षांत या मुलांच्या डोळ्यांची लांबी चष्मेवाल्या मुलांपेक्षा ४३ टक्के कमी वाढली. म्हणजे वाढ मंदावते, पण असलेला नंबर कायमचा जात नाही. लेन्स बंद केली की पुन्हा पुसट दिसू लागते.

खर्च हजारो रुपयांचा आहे. त्याहून मोठी गोष्ट स्वच्छतेची. हात साबणाने धुऊन कोरडे केल्याशिवाय लेन्सला हात लावू नये. लेन्स व तिची डबी नळाच्या किंवा हंड्याच्या पाण्याने कधीही धुऊ नये. त्यासाठीचे औषधी द्रावणच वापरावे. पाण्यातील जंतूंमुळे बुबुळाला जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सहन होईना, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हे रोज जमणार नसेल तर हट्ट धरू नये. त्यात कमीपणा नाही. मुलीला चष्मा लावला तर लग्नाचे कसे, म्हणून चष्मा टाळणे मात्र चूक आहे. फळा न दिसणारी मुलगी अभ्यासात मागे पडते. शाळेतील डोळे तपासणी चुकवू नका. सरकारी योजनेत शाळकरी मुलांना चष्मा मोफत मिळतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी मात्रेच्या ॲट्रोपिन थेंबांचाही उपाय असतो.

आणि धाकट्या भावंडांना रोज २ तास उघड्यावर, उजेडात खेळू द्या. त्याने चष्मा लागण्याची शक्यता कमी होते आणि त्याला एक पैसाही पडत नाही.